घरफाळ्याला गोठा

किणीकर एजंटानं वहीत लिहून घेतलं:
पुढं चार खोल्या, न्हाणी, आतून जिना.
मग पेन थांबवून विचारलं,
"आणि मागं ते काय, वहिनी?"

मागं दोन खोल्या.
दार बोळात उघडतं, मीटर वेगळं,
पेरूचं झाड तेवढं दोघांत एक.
महापालिकेच्या कागदावर मात्र अजून तिथं
माझ्या सासऱ्यांची म्हैस बांधलेली आहे.
रोज संध्याकाळी ती कट्ट्यावर जायची,
गिऱ्हाईकाच्या पेल्यात धार द्यायची.
ती गेली, गव्हाणीच्या जागी ओटा आला,
पत्र्याच्या जागी स्लॅब,
आणि घरफाळ्याची पावती दरसाल तीच:
मागील बाजूस गोठा, एक.
आम्हीही कधी बोललो नाही.
गोठ्याला फाळा कमी बसतो.

आधी चंदगडची तीन पोरं, आयटीआयची.
मग सीपीआरमधली एक नर्स,
दिवसा झोपायची, म्हणून आम्ही मिक्सर संध्याकाळी लावायचो.
मग शिकलगार भाभी, शिलाई मशीन
आणि उद्यमनगरात पॅटर्न बनवणारा नवरा.
एकोणीस वर्षं.
माझ्या स्वयंपाकघराच्या टाईल्स त्यांच्या भाड्याच्या,
पोराची पॉलिटेक्निकची फी त्यांच्या भाड्याची.
किणीकर म्हणाले, "मागचं जमेत धरू नका.
बिनपरवाना आहे. उलट किंमत उतरते."

दुधाळीत पाणी शिरलं त्या ऑगस्टात
पुढच्या खोल्यांत फ्रीज तरंगत होता
आणि मागं उंबरासुद्धा भिजला नाही.
म्हशीच्या खुरांना ओल लागू नये म्हणून
सासऱ्यांनी गोठ्याचं जोतं गुडघाभर वर घेतलेलं.
स्वतःच्या घरापर्यंत येताना पैसे संपले असतील.

पाच रात्री आम्ही भाभीकडं.
मला कॉट दिली. तिचा नवरा
मशीनच्या पायट्याला डोकं लावून झोपला.
पहिल्या सकाळी तिनं विचारलं, "साखर किती घालू?"
तेव्हा ध्यानात आलं,
इतक्या वर्षांत मी तिच्याकडं चहा प्यायलेच नव्हते.
त्या महिन्याचं भाडं मी नको म्हटलं.
तिनं दिलंच.
"पूर वेगळा," म्हणाली, "पहिली तारीख वेगळी."

घेणारा डॉक्टर गडहिंग्लजचा.
फूटपट्टीसारखा चालत आला, चालत गेला.
"मागचं पाडून गाडी लावता येईल.
रिकामं करून द्याल ना?"
मी काही बोलायच्या आत
पेरूखाली कपडे वाळत घालणारी भाभी म्हणाली,
"करतो की. शाळा सुटूदे एवढं."

यादवनगरात त्यांना जागा मिळाली, एकच खोली, भाडं जास्त.
टेम्पो गेल्यावर मी मागं झाडायला गेले.
झाडायला काही ठेवलंच नव्हतं तिनं.
मशीनच्या जागेवर भिंतीला पेन्सिलीनं
गिऱ्हाइकांची मापं, नावं, उरलेले पैसे.
मधे एका ओळीत:
पुढची – बाही साडेनऊ, गळा मागं खोल नको.
मी तिला 'मागची' म्हणायचे, सगळ्यांसमोर.

दस्ताच्या दिवशी कारकुनानं भराभर वाचलं,
पूर्वेस बोळ, पश्चिमेस मगदूम यांची मिळकत,
घर, जिना, गोठा.
मान वर न करता विचारलं, "जनावर आहे?"
"नाही."
"करा सही."

आता कळंब्यात, चौथ्या मजल्यावर.
पाणी आपोआप चढतं, कोण चढवतं माहीत नाही.
आमच्या मोटरचं बटण मागच्या खोलीत होतं.
टाकी भरून वाहू लागली की
मी खिडकीतून ओरडायची
आणि भिंतीपलीकडं मशीन थांबायचं.

काल साडेसहाला कुठंतरी पाणी पडत होतं.
गच्चीत जाऊन मी हाक मारली,
"भाभीऽ, मोटर!"
खाली पार्किंगमधल्या वॉचमननं वर बघितलं.